मुक्ता साळवेचा प्रश्न कोणाला?

दलित साहित्याची पूर्वपरंपरा सांगताना मुक्ता साळवेचे नाव आता आवर्जून घेतले जाते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील चौदा वर्षांची मांग मुलगी, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध, साल १८५५. एवढे सांगितले की आपले समीक्षक पुढे सरकतात. निबंध छापला कोठे, याचा विचार होत नाही.

तो छापला 'ज्ञानोदया'ने, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत. १८४२ साली अहमदनगर येथे अमेरिकन मिशनने काढलेले हे पत्र. ख्रिस्ती मंडळ्यांत बातमी, उपदेश आणि वाद पोहोचवण्याचे त्या काळचे मोठे साधन. गावकुसाबाहेरच्या मुलीला त्याने जागा दिली, हे श्रेय मिशनला मोकळ्या मनाने द्यावे. परंतु तेवढ्यावरून हा निबंध मिशनच्या खात्यावर जमा करता येत नाही.

मुक्ता देवाला विचारते, आमचा धर्म कोणता? हा धर्मांतराचा अर्ज आहे असे वाटणे सोपे आहे. मजकूर तसे म्हणत नाही. ब्राह्मणांना वेद आहेत, मुसलमानांना कुराण, इंग्रजांना बायबल. आम्हाला कोणताच ग्रंथ नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. मिशनच्याच पत्रात ती बायबल इतर ग्रंथांच्या रांगेत ठेवते आणि त्यावर हक्क सांगत नाही. एकाने उपभोगावे व इतरांनी पाहत राहावे असा धर्म नष्ट व्हावा, ही तिची अट आहे. ती पत्र काढणाऱ्यांनाही लागू होते.

निबंधातला आणखी एक भाग आपण, आंबेडकरी वाचकही, हळूच ओलांडतो. महारही स्वतःला मांगांहून श्रेष्ठ समजतात आणि ही रीत वरून खाली झिरपलेली आहे, असे ती सांगते. त्या मिशनमध्ये पुढे आलेले ख्रिस्ती बहुतांशी महार होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न मंडळीच्या बाकांपर्यंत येऊन पोहोचतो. चौदाव्या वर्षी एवढे पाहणाऱ्या लेखिकेला केवळ 'पहिली' म्हणून गौरवणे हा तिचा अर्धाच गौरव आहे.

१ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी राजकीय लढ्यातल्या त्यांच्या उदासीनतेवर बोट ठेवले होते. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. म्हणून आपल्या खानदेशात नवापूरकडचा ख्रिस्ती आदिवासी सवलतीत राहतो आणि जळगाव-धुळ्यातला महार वा मांग ख्रिस्ती तीतून बाहेर पडतो. प्रार्थना दोघांची एकच!

या अन्यायाविरुद्ध बोलताना धर्म बदलला तरी जात गेली नाही, असे सांगावे लागते. ते खरेच आहे. पण व्यासपीठावरून मात्र 'ख्रिस्तात जात नाही' हेच ऐकवले जाते. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमधला भेदभाव कबूल केला. इतर मंडळ्यांच्या पत्रकांत ही कबुली यायची असेल, तर सुरुवातीला मुक्ताचा निबंध पुन्हा छापावा. संपूर्ण छापावा, महार-मांगांचा भाग न गाळता.