वृद्ध शाहिराचे गायन : दासगाव येथील एका श्रवणाची चिकित्सा

वयोवृद्ध गायकाच्या मैफलीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्याचे सामान्यतः दोन प्रकार पडतात. पहिल्यात आदर असतो आणि श्रवण नसते. 'या वयातही' या शब्दप्रयोगाने वाक्याला आरंभ झाला की पुढे काय येणार, हे वाचकास अगोदरच कळते. दुसऱ्यात श्रवण असते, परंतु ते आजच्या आवाजाचे नसून वीस वर्षांपूर्वीच्या आवाजाच्या स्मृतीचे असते, आणि समीक्षक त्या स्मृतीशी समोरच्या गायनाचा ताळा मांडून वजाबाकी करीत बसतो. दोन्ही प्रकारांत त्या रात्री प्रत्यक्ष उच्चारले गेलेले गायन बाजूलाच राहते. प्रस्तुत लेखात एका वृद्ध शाहिराच्या गायनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक असल्यामुळे स्वरांपेक्षा उच्चारांविषयी अधिक लिहिले जाईल, ही मर्यादा आरंभीच नमूद करतो.

गेल्या एप्रिल महिन्यात, आंबेडकर जयंतीच्या आठवड्यात, महाड तालुक्यातील दासगाव येथे हे गायन ऐकण्याचा योग आला. शाहिरांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्याच इच्छेवरून येथे त्यांचे नाव दिलेले नाही. वस्तीत सर्वजण त्यांना 'बाबा' म्हणतात, तोच उल्लेख पुढे केला आहे. बाबांनी तारुण्यात मुंबईस गिरणीत काम केले व रात्री एका गायन पार्टीत गाइले. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले. जुलै २००५ मध्ये दासगाव व आसपासच्या गावांवर दरडी कोसळल्या, त्या वेळी त्यांच्या गाण्याच्या वह्या गेल्या. आज ते जे गातात ते सर्व मुखोद्गत आहे.

स्थळाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण गायनाचा अर्थ त्यावाचून लागत नाही. दासगाव हे सावित्रीच्या खाडीवरील जुने बंदर. महाडपासून सुमारे ५ मैलांवर. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेच्या संघटकांपैकी रामचंद्र बाबाजी मोरे हे याच गावचे. त्या परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, २० मार्च रोजी, चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. डिसेंबरातील सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने हरिहरेश्वरापर्यंत आले, तेथून खाडीमार्गे २५ डिसेंबर रोजी दासगावच्या धक्क्यावर उतरले आणि महाडास गेले. त्याच दिवशी रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या वादाचा उच्च न्यायालयातील निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. दासगावच्या वस्तीत पाण्याचा उल्लेख असलेले गीत गाइले जाते तेव्हा या इतिहासाचे स्मरण श्रोत्यांस करून द्यावे लागत नाही.

बाबा ज्या परंपरेत गातात तीही सर्वपरिचित आहे. सत्यशोधकी जलशाने तमाशाची चौकट घेऊन तिचा आशय पालटला. आंबेडकरी जलशाने तोच मार्ग पुढे नेला, आणि भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी गावोगाव फिरून ही परंपरा दृढ केली. १९५६ च्या धर्मांतरानंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्ट्यांनी घेतली. पेटी, ढोलकी, मागे कोरस, दोन गीतांच्या मध्ये निवेदन, असे या पार्टीचे स्वरूप. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते या पार्ट्यांतूनच सर्वतोमुखी झाली. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे त्यांचे संग्रह छापले गेले आहेत. तथापि ज्यांनी ते पुस्तक कधी हाती धरले नाही अशांनाही ती गीते पाठ आहेत आणि अखेरच्या कडव्यातील 'वामन' ही नाममुद्रा येताच ते मान डोलावतात.

आता प्रत्यक्ष गायनाकडे वळू. बाबांनी एकूण नऊ गीते गाइली. त्यांतील दोषांचा निर्देश प्रथम करणे उचित होईल. पहिल्या दोन गीतांत आवाज स्थिर नव्हता, आणि दीर्घ स्वरावर तो कापत होता. चौथ्या गीतात पेटीवाल्या तरुणाने उत्साहाच्या भरात पट्टी चढविली; बाबांना ती पेलली नाही व तारस्वर अर्ध्यावर सोडावा लागला. सहाव्या गीतातील एक कडवे ते विसरले आणि ध्रुवपद पुन्हा घेऊन त्यांनी वेळ निभावून नेली. श्रोत्यांनी या सर्व प्रसंगी सारख्याच टाळ्या वाजविल्या. श्रोत्यांचा तो अधिकार आहे. परंतु समीक्षकाने सर्व ठिकाणी सारखीच टाळी वाजविली तर जेथे काही विशेष घडले ते ठिकाण त्यास कधीच सापडणार नाही.

वयाने गायनात घडविलेले बदल ओळखण्यास उच्चारशास्त्राचे साहाय्य होते. बाबांचे पुढचे दात गेले आहेत. त्यामुळे 'स' चे घर्षण पसरट झाले आहे, आणि एरवी खालचा ओठ वरच्या दातांजवळ नेऊन उच्चारला जाणारा 'व' दोन्ही ओठांनी उच्चारला जातो. श्वास तोकडा झाल्यामुळे जी ओळ पूर्वी एका दमात येत असे तिच्या मध्यावर थांबावे लागते. येथवर सर्व काही अपेक्षेप्रमाणेच आहे. लक्षणीय गोष्ट ही की, थांबण्याची जागा बाबा वाक्यरचनेच्या सांध्यावर निवडतात. कर्ता उच्चारला जातो, श्वास घेतला जातो, आणि क्रियापद येते. वृत्ताच्या दृष्टीने तेथे यती नाही. परंतु ऐकणारा त्या अर्ध्या क्षणात क्रियापदाची वाट पाहतो. कोरसमधील तरुण तीच ओळ अखंड म्हणतात, तेव्हा ती कानावरून घसरून जाते. श्वास कमी पडणे हे दौर्बल्य. कोठे कमी पडू द्यावयाचा, हे मात्र पन्नास वर्षांच्या सरावाने आलेले कौशल्य आहे.

या लेखाचा मुख्य विषय असलेली घटना सातव्या गीतात घडली. त्या गीताच्या ध्रुवपदात 'पाणी' हा शब्द येतो. पहिल्या दोन आवर्तनांत बाबांनी 'पाणी' असा स्पष्ट मूर्धन्य उच्चार केला. मग गीत थांबवून त्यांनी निवेदन केले. १९२७ च्या डिसेंबरात भरतीच्या वेळी बोट कशी आली आणि धक्क्यावर माणसे कशी जमली, हे वडिलांकडून ऐकलेले त्यांनी आपल्या बोलीत सांगितले. या निवेदनात खाडीचे ते 'पानी' होते, आणि तसेच असावयास हवे. महाड भागातील बोलीत 'ण' च्या जागी 'न' ऐकू येतो, ही गोष्ट नवीन नाही. अमृत माधव घाटगे यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, महाडच्या कुणबी बोलीवरील पुस्तिकेने या परिसराकडे अभ्यासकांचे लक्ष पूर्वीच वेधले आहे. बाबांची बोली म्हणजे कुणब्यांची बोली नव्हे. तरी या एका बाबतीत परिसरातील अनेक बोली एकत्र येतात.

निवेदनानंतर ध्रुवपद तिसऱ्यांदा आले, आणि बाबांनी 'पानी' म्हटले. चौथ्यांदाही 'पानी'. गीत संपेपर्यंत पुन्हा 'ण' आला नाही. कोरस मात्र 'पाणी'च म्हणत राहिला. त्यामुळे शेवटची आवर्तने दोन उच्चारांनी एकाच वेळी भरली होती.

हा वयाचा परिणाम मानावा काय? लेखकाचा पहिला समज तसाच झाला होता. परंतु तो टिकत नाही. 'ण' च्या उच्चारास जिभेचे टोक मागे वळवून टाळूस लावावे लागते. त्यात दातांचा संबंध नाही. उलट मराठी 'न' च्या उच्चारातच दातांचा आधार असतो. जीभ थकली म्हणावे, तर पुढच्याच गीतात 'कोण', 'रण', 'प्राण' हे शब्द बाबांनी निर्दोष उच्चारले. म्हणजे उच्चारशक्ती शाबूत होती. बदल एका शब्दापुरता, एका गीतापुरता आणि निवेदनानंतरच घडला.

मग तो हेतुपुरस्सर केला होता काय? दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या ओटीवर बसून हा प्रश्न विचारला. ते हसले. "तोंडात आलं ते आलं, सर. मी काय मोजून म्हनतो व्हय?" थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन एक आठवण सांगितली. मुंबईस पार्टीत नवे असताना पार्टीप्रमुख त्यांना भिंतीकडे तोंड करून उभे करीत आणि 'ण' चे शब्द शंभर शंभर वेळा घोटून घेत. 'न' म्हटले तर शहरी श्रोता हसेल आणि गाण्यातला विचार हसण्यावारी जाईल, अशी त्या प्रमुखांची धास्ती होती. "आता हितं कोन हसनार?" एवढे बोलून बाबा चहाकडे वळले.

कलावंताने हेतू नाकारला, म्हणून समीक्षकाने आपले निरीक्षण मागे घ्यावे असे नाही. पण त्याच्यावर हेतू लादणेही योग्य नाही. वृद्ध कलावंताच्या गायनातील बदलांची विभागणी आपण सहसा 'दौर्बल्य' आणि 'संकल्प' या दोनच सदरांत करतो. येथे तिसरे सदर करावे लागते, आणि त्याला 'नियमनाची शिथिलता' असे म्हणता येईल. तारुण्यात बाबांनी गीताची भाषा आणि निवेदनाची भाषा यांच्यामध्ये एक सीमा आखून घेतली होती. ती त्यांच्या मनातील भीतीने, आणि त्याहून अधिक, श्रोत्यांच्या संभाव्य हास्याने राखली होती. ज्या वस्तीत ते हास्य संभवत नाही तेथे, ऐंशीच्या पुढच्या वयात, त्या सीमेची राखण करण्याचे कारण उरले नाही. बोलीतला शब्द निवेदनातून गीतात आला व तेथेच राहिला.

यावर एक आक्षेप संभवतो. एका व्यंजनाच्या भेदावर इतका भार टाकावा काय? सामान्यतः टाकू नये. परंतु हा शब्द कोणता व हे गाव कोणते, याचा विचार केल्यास आक्षेपाचे बळ कमी होते. ज्यांना सार्वजनिक तळ्यावरचे पाणी नाकारले गेले, त्यांच्याच वंशजांना त्या पाण्याविषयीचे गीत गाताना आपला उच्चार बदलावा लागत होता, ही वस्तुस्थिती आहे. पार्टीप्रमुखांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांची धास्ती अनुभवातून आलेली होती. प्रमाण उच्चार हस्तगत करणे हीदेखील त्या पिढीने मिळविलेलीच गोष्ट होती, आणि कोरसमधील तरुण 'पाणी' म्हणतात ते तिचेच फळ होय. यास्तव 'पानी' खरे आणि 'पाणी' उसने, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्या रात्री दोन्ही उच्चार एकत्र ऐकू आले, आणि दोघांनाही आपापला इतिहास होता.

आणखी एक गोष्ट अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लेखकाने हे गायन भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित केले होते. घरी येऊन ऐकले असता सातव्या गीताच्या अखेरच्या आवर्तनांत केवळ 'पाणी' ऐकू येते, कारण ध्वनिक्षेपकाचा कर्णा कोरसच्या बाजूस होता आणि बाबांचा क्षीण आवाज त्यात बुडाला आहे. बाबांची वही उरली असती, तरी तीत 'पाणी' असेच लिहिलेले आढळले असते. छापील संग्रहांतही तसेच छापतात. लेखन सीमेचीच नोंद करते, ती ओलांडल्याची नाही. समोरच्या सतरंजीवर बसलेल्या पाचपन्नास माणसांनाच ते ऐकू आले.

शास्त्रीय संगीताच्या समीक्षेने वृद्ध आवाजाचा विचार करण्यास काही साधने तरी निर्माण केली आहेत. केसरबाई केरकर यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांतच जाहीर गायन थांबविले. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) उतारवयातही गात राहिले. या दोन निर्णयांच्या तुलनेतून आवाज, श्वास आणि रागविचार यांच्या परस्परसंबंधाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. शाहिरीच्या बाबतीत ती चर्चा अद्याप झालेली नाही. शाहिराचा गौरव होतो, त्याच्या हलाखीविषयी हळहळ व्यक्त होते, त्याची गीते संकलित होतात. त्याने एखाद्या रात्री कसे गाइले, याची चिकित्सा मात्र होत नाही. लोकशाहीर विठ्ठल उमप यांना नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूर येथे रंगमंचावरच मृत्यू आला. त्या घटनेविषयी लिहिले गेले ते बहुतेक मृत्यूविषयी होते, गायनाविषयी नव्हे.

विभागातील जे विद्यार्थी लोकपरंपरेवर क्षेत्रकार्य करीत आहेत, त्यांना या अनुभवावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात. संहितेबरोबर निवेदनही शब्दशः टिपावे, कारण गीतातील बदलाचे कारण पुष्कळदा निवेदनात असते. एकाच ध्रुवपदाची सर्व आवर्तने स्वतंत्रपणे नोंदवावीत, 'ध्रु.' असे लिहून पुढे जाऊ नये. आणि वयोवृद्ध गायकाचा प्रत्येक अनपेक्षित उच्चार चूक म्हणून दुरुस्त करण्यापूर्वी, तो उच्चार शरीराने घडविला की आणखी कशाने, हे त्याच गायनातील इतर शब्दांच्या आधारे तपासून पाहावे. बाबांनी येत्या हिवाळ्यात पुन्हा गाण्याचे कबूल केले आहे. त्या वेळी एक ध्वनिग्राहक त्यांच्यासाठी स्वतंत्र ठेवण्यात येईल, आणि लेखक पुढच्याच रांगेत बसेल.