‘तंबाखू खाता का?’ : एका सरकारी प्रश्नाची चिकित्सा

या ब्लॉगवर एरवी मी शोधनिबंध सोपे करून सांगते. आज शोधनिबंध थोडे बाजूला ठेवू आणि एक सरकारी अर्ज वाचू. तुमचं वय तिशीच्या पुढे असेल, तर हा अर्ज तुमच्याही नावाने भरला गेला असेल किंवा कधीतरी भरला जाईल. आशाताई घरी येतात, वय विचारतात, कमरेचा घेर मोजतात, दारू-तंबाखूचं विचारतात, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का ते विचारतात, आणि प्रत्येक उत्तराला गुण देतात. आरोग्य खात्यात याला ‘सीबॅक फॉर्म’ म्हणतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि कॅन्सर यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. पुढे वस्तीपातळीवरची तपासणी आली, आणि तिची पहिली पायरी म्हणजे हा अर्ज.

आधी एक गोष्ट मान्य करू. दीर्घकालीन आजारांसाठी सरकार आपणहून दारात येतं, हे या देशात पूर्वी नव्हतं. त्यामुळे या अर्जावर टीका करायची ती तो फेकून द्या म्हणून नाही. पण माझा आक्षेप गंभीर आहे: यातला तंबाखूचा प्रश्न दिंडोरी तालुक्यातल्या बाईपर्यंत नीट पोचतच नाही. आणि उत्तर बरोबर आलंच, तरी अर्जातलं गणित तिला रांगेत मागे ठेवतं.

दिंडोरीच का? कारण माझं काम इथे आहे, आणि कारण हा तालुका दोन तोंडांचा आहे. एका बाजूला द्राक्षाच्या बागा, निर्यात, मोहाडीची सह्याद्री फार्म्स. दुसऱ्या बाजूला आदिवासी गावं, आणि पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला, खुडणीला येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या. कार्यक्रम दोघांसाठी एकच, अर्जही एकच.

आता प्रश्न बघा. केंद्राच्या मूळ इंग्रजी अर्जातला प्रश्न मराठीत आणला तर साधारण असा होतो: तुम्ही धूम्रपान करता का, किंवा गुटखा, खैनी यांसारख्या धूरविरहित पदार्थांचं सेवन करता का? उत्तरं अशी: कधीच नाही, पूर्वी करत होतो किंवा आता कधीकधी, आणि रोज.

यात उदाहरणं दोनच. ‘खैनी’ हा शब्द हिंदी पट्ट्यातला. आपल्याकडे तंबाखू चुना लावून मळतात, ‘खैनी खातो’ असं गावात कोण म्हणतं? दुसरं उदाहरण गुटखा. त्याच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. म्हणजे एक नाव परकं, आणि दुसरं सरकारी माणसासमोर घ्यायला अवघड.

आणि या दोन्हींत नाही ती मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि सकाळी उठल्यावर बोटाने दातांना लावायची. काही जणी दिवसातून तीन-चारदा लावतात. कुणी सांगतं दात दुखतो म्हणून, कुणी पोट साफ होतं म्हणून, कुणी भूक मरते म्हणून. कारण काहीही असो, निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि सवय लागते ती तंबाखूचीच.

इथे भाषेची गंमत आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. मराठीत बिडी ओढतात, तंबाखू खातात, तपकीर ओढतात, आणि मशेरी लावतात. मशेरी कुणी ‘खात’ नाही, तिचं ‘सेवन’ तर कुणीच करत नाही. त्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की मशेरी लावणारी बाई ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तुम्ही जे विचारलं त्याचं तिने बरोबर उत्तर दिलेलं असतं.

संशोधनाच्या भाषेत याला मापनाची वैधता म्हणतात. म्हणजे जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का? पुष्कळदा आपण समजतो की लोक तंबाखू लपवतात. लपवतातही. सासऱ्यासमोर सुनेला विचारलं तर ती काय सांगणार? पण लपवणं वेगळं आणि प्रश्नच न कळणं वेगळं. लपवलेलं लघवीतल्या किंवा लाळेतल्या कोटिनीनवरून पकडता येतं. निकोटिनचं शरीरात जे रूपांतर होतं ते हे कोटिनीन. प्रश्नच चुकला असेल तर मात्र प्रयोगशाळेची गरज नाही, प्रश्न बदलला की काम होतं.

हे सरकारला माहीत नाही असंही नाही. प्रौढांमधल्या तंबाखूवापराचं ‘गॅट्स’ नावाचं जे मोठं सर्वेक्षण होतं, त्यात मशेरी, गूल, गुडाखू यांचा नावाने उल्लेख असतो. त्याच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळल्या. त्यातल्या धूम्रपान करणाऱ्या जेमतेम दीड टक्का. उरलेला सगळा तंबाखू तोंडातला. दिल्लीच्या अहवालासाठी जो प्रश्न नीट विचारला जातो, तो गावातल्या बाईच्या स्वतःच्या अर्जात का नाही?

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: ‘अहो, आशाताई गावातल्याच असतात. त्या बरोबर विचारतात.’ खरंय. कित्येक जणी अर्जातलं वाक्य सोडून सरळ ‘मशेरी लावता का वहिनी?’ असंच विचारतात, आणि मला त्यांचं कौतुक आहे. पण मग एका गावात आकडा मोठा दिसतो आणि शेजारच्या गावात लहान. हा फरक तंबाखूचा की विचारण्याच्या पद्धतीचा, हे तालुक्याला बसून कळणार नाही. चांगली आशा असलेलं गाव कागदावर ‘वाईट’ दिसेल. आणि या कामाचा मोबदला काय? कार्यक्रमाच्या रचनेत एका अर्जामागे १० रुपये. पैसे अर्ज भरल्याचे. मशेरी सोडवायला त्याच घरी चारदा गेलं तर त्याचे वेगळे पैसे नाहीत.

आता समजा प्रश्न बरोबर विचारला आणि उत्तर ‘रोज’ आलं. पुढे काय? सुधारित अर्जाप्रमाणे गुण मांडून बघू. खुडणीला येणारी ३५ वर्षांची बाई. वयाचा १. रोजच्या तंबाखूचे २. दारू नाही, ०. कंबर बारीक, ०. दिवसभर बागेत राबते, त्यामुळे व्यायामाच्या रकान्यात ०. घरात कुणाला मधुमेह आहे का? कधी कुणाची तपासणीच झालेली नाही, म्हणून ‘नाही’, ०. एकूण ३. अर्जाचा नियम असा की ४ पेक्षा जास्त गुण झाले तर त्या व्यक्तीला तपासणीच्या दिवशी प्राधान्याने आणायचं. वय ४५ धरा, एकूण ४. तरीही ती प्राधान्यात नाही. पन्नाशी गाठली की ५ होतात आणि मग तिचा नंबर लागतो. तोवर मशेरीला तीस वर्षं झालेली असतात.

कागदोपत्री तिशीच्या पुढच्या सगळ्यांचीच तपासणी व्हायची असते, आणि तोंडात न भरणारी जखम वा चट्टा असेल तर गुण न बघता पाठवायचं असतं. बरोबर. पण जिथे माणसं कमी आणि घरं जास्त, तिथे प्राधान्य म्हणजेच प्रत्यक्षातली तपासणी. ही गुणांची शिडी पोट सुटलेल्या, बैठं काम करणाऱ्या माणसाला धरून बांधली आहे. बागायतदार तीत लवकर वर चढतो, मजूर बाई खालीच राहते.

आणि तिशीच्या आतल्यांचं काय? प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्यांचा तंबाखू मुख्यतः मशेरीच होता. बाळंतपणाच्या वयातल्या बहुतेक मुली या अर्जाच्या वयोगटात बसतच नाहीत.

मग करता काय येईल? नवा शोध लावायची गरज नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन गटाने साठच्या दशकाच्या शेवटी पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली होती. पुढे याच परंपरेतल्या संशोधकांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांत ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांसोबत काम केलं. श्रीकाकुलममध्ये बायका चुट्टा पेटतं टोक तोंडात ठेवून ओढत. तिथे नुसतं ‘धूम्रपान करता का’ विचारून भागणार नव्हतं. सवय नावाने विचारली, दरवर्षी तोंड तपासलं, समजावलं. सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि तोंडातले पांढरे चट्टे कमी झाले. तिरुअनंतपुरमच्या चाचणीत तर प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासलं. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार तंबाखू-दारू वापरणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी लागले ते चांगला उजेड, शिकलेले हात, आणि कुणाचं तोंड बघायचं हे माहीत असणं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, अर्जात जिल्ह्याप्रमाणे सवयींची नावं आणि क्रियापदं हवीत. आपल्याकडे मशेरी लावता का, तंबाखू मळता का. गडचिरोलीत खर्रा खाता का. दोन, रोज तंबाखू म्हटल्यावर बाकीचे गुण न मोजता तोंड तपासणी आधी. तीन, सोडायला मदत करण्याच्या फेऱ्यांचाही मोबदला. १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे आणि चांगली आहे, पण ती सकाळी ८ ते रात्री ८. ज्या बाईचा फोन नवऱ्याच्या खिशात आणि दिवस बागेत, तिच्यासाठी आशाताईच हेल्पलाइन.

आणि चौथी गोष्ट दिंडोरीकरांसाठी. वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या संस्था मोजून घेतात आणि स्वतः वाटतात, हे बघायला बाहेरून लोक येतात. पाणी कुठे मोजायचं आणि कसं मोजायचं यावर शेपटाच्या शेतकऱ्याला किती मिळणार ते ठरतं, हे या तालुक्याला कुणी शिकवायला नको. आरोग्याच्या अर्जाचंही तसंच आहे. फक्त हा अर्ज अजून कुठल्याच ग्रामसभेत कुणी मोठ्याने वाचलेला माझ्या ऐकिवात नाही.

तुम्ही आशा असाल, उपकेंद्रात काम करत असाल, किंवा तुमच्या आई-आजी मशेरी लावत असतील, तर एक करून बघा. आधी ‘तंबाखू खाता का?’ विचारा. मग थोडं थांबून ‘मशेरी लावता का?’ विचारा. दोन उत्तरं वेगळी आली तर खाली लिहा, गावाचं नाव लिहा, बाईंचं नको. पुढच्या लेखात कोटिनीनची तपासणी नक्की कशी होते ते सांगते.