दया, हक्क आणि ‘प्रकाशवाटा’

डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन 2009 साली प्रसिद्ध झाले आणि सुशिक्षित मराठी घरांतून त्याचा मोठा आदर झाला. मुलांस मानवी हक्कांची ओळख करून द्यावयाची असता शिक्षकही याच ग्रंथाकडे वळतात, असे आमच्या पाहण्यात आले आहे. या कार्यास तो कितपत पुरा पडतो, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे कर्तव्य आहे.

ग्रंथाची योग्यता निर्विवाद होय. बाबा आमट्यांनी 1973 साली भामरागडनजीक हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प स्थापिला व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांनी तेथे माडिया गोंडांची शुश्रूषा आरंभिली. पावसाळ्यात पुराने जगाशी संबंध तुटणाऱ्या त्या अरण्यातील हकीकत लेखकाने विलक्षण साधेपणाने निवेदिली आहे. उपदेशाचा आव तीत कोठेही नाही. 1976 साली तेथे शाळा निघाली. तिचा हेतू अक्षरओळखीपुरता नव्हता. जंगलचा कायदा ठाऊक नसल्यामुळे माडियांस लाचखाऊ अंमलदार व व्यापारी सहज नाडीत असत. लिहितावाचता येणारा माणूस असा नाडला जाऊ नये, ही दृष्टी तिच्या मुळाशी होती.

आमच्या मते हाच या कथेतील मानवी हक्कांचा खरा धडा होय. परंतु वर्गात शिकविला जातो तो दुसराच. आम्ही एकदा नववीच्या मुलांस या पुस्तकापासून काय घेतले असे विचारले. बहुतेकांनी ‘गरिबांवर दया करावी’ असे सांगितले. उत्तर वाईट नव्हे. पण ते हक्कांचे उत्तर नव्हे. दया करणे न करणे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क मात्र नाकारणाऱ्यास जाब विचारता येतो. याचा सगळा दोष मुलांकडे नाही. आत्मकथनात निवेदक डॉक्टरच असावयाचा. त्यामुळे माडिया मनुष्य आपणांस रुग्ण म्हणून वा विद्यार्थी म्हणून भेटतो, वादी म्हणून क्वचितच. लेखकाची ही मर्यादा ओळखून पुढचे पाऊल टाकणे हे शिक्षकाचे काम आहे.

ते पाऊल कोणते? 2006 च्या वनहक्क कायद्याचेच उदाहरण घेऊ. या कायद्यान्वये वनातील रहिवाशांचा दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो, आणि वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन त्याच्या पुराव्यात ग्राह्य धरले जाते. निरक्षर आजोबा बोलत आहेत आणि शाळेतील नात ते शब्द कागदावर उतरीत आहे, असा प्रसंग वर्गात करवून घ्यावा. आजोबांची स्मृती सरकारदरबारी पुरावा ठरते, हे ज्या मुलास उमगले त्यास हक्काची व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तोही गावाने संघटितपणे मागितला म्हणूनच.

एक अडचण मात्र राहते. माडिया ही द्राविड कुळातील भाषा, आणि पाठ्यपुस्तक मराठी. प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी संविधानाची उद्देशिका छापलेली असते. पण भामरागडच्या पहिलीतील बालकास ती परभाषेतीलच वाटणार. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे त्याच संविधानाच्या 350क या अनुच्छेदात सांगितले आहे. जो हक्क शिकवावयाचा तोच शिकविण्याच्या रीतीत पाळला जात नसेल, तर त्या धड्यावर मुलाने विश्वास का ठेवावा?

‘प्रकाशवाटा’ मुलांच्या हाती अवश्य द्यावे. सहृदयतेचे शिक्षण त्याहून उत्तम रीतीने देणारी पुस्तके मराठीत थोडीच आहेत. मात्र पुस्तक मिटल्यावर ‘डॉक्टर किती थोर!’ एवढ्यावर तास संपवू नये. ‘या माणसांचे काय हिरावले होते, आणि ते कोणाकडे मागावयाचे?’ हा प्रश्न विचारूनच तो संपवावा.