बडोद्याच्या चिमणाबाईसाहेबांच्या तसबिरी

बडोद्याच्या राजस्त्रियांच्या तसबिरी जुन्या कागदपत्रांबरोबर संग्राहकांच्या हातीं वारंवार येतात. बऱ्याच तसबिरींखालीं ‘महाराणी चिमणाबाई’ एवढींच अक्षरें असतात, व तेवढ्यावरून त्या ग्रंथकर्त्या आणि प्रवासी म्हणून ख्यात असलेल्या महाराणींच्या ठरविल्या जातात. शुक्रवार पेठेंतील आमच्या एका स्नेह्यांच्या संग्रहांत राजा रविवर्म्याच्या चित्राची छापील प्रत आहे. तिच्या पाठीवर कोणीं तरी शाईनें ‘ग्रंथकर्त्या’ असें लिहून ठेविलें आहे. हा निर्णय मुळींच टिकत नाहीं.

चिमणाबाई हें नांव दोघींचें. सयाजीराव महाराजांचा पहिला विवाह १८८० सालीं तंजावरच्या मोहिते घराण्यांतील लक्ष्मीबाईंशीं झाला. सासरीं त्या चिमणाबाई झाल्या व १८८५ सालीं निवर्तल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या घाटगे घराण्यांतील गजराबाईंशीं महाराजांचा दुसरा विवाह झाला, आणि त्यांसही तेंच नांव मिळालें. (लग्नांत नांव बदलणें हा आपला आचारच, पण येथें त्यानें संशोधकाची फार पंचाईत केली आहे!) नैयायिकांच्या भाषेंत, ‘चिमणाबाई’ हें लक्षण अतिव्याप्त आहे.

रविवर्म्यानें रंगविलेलें तें प्रसिद्ध चित्र थोरल्या बाईंचें. वस्त्राचा पोत व अलंकारांची झळाळी साधण्यांत त्याचा हातखंडा होता, हें निर्विवाद. परंतु ‘द पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ’ हा ग्रंथ एस. एम. मित्र यांच्या सहकार्यानें धाकट्या बाईंनीं लिहिला, आणि तो १९११ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. म्हणजे चित्रांतील बाई वारल्यावर सव्वीस वर्षांनीं.

तर मग चित्र १८८५ नंतरचें असलें कीं तें धाकट्या बाईंचें, असा नियम करावा काय? तोही पुरेसा नाहीं. बडोद्याचा १८९६ सालचा चिमणाबाई घड्याळाचा मनोरा थोरल्यांच्याच स्मरणार्थ उभा आहे. तशीं स्मरणार्थ चित्रेंही निघूं शकतात. शेजारीं बाळ फत्तेसिंहराव दिसले म्हणूनही निकाल लागत नाहीं. त्यांचा जन्म १८८३ चा, म्हणजे सावत्र आईजवळही ते लहानच होते. १८९२ सालीं जन्मलेल्या इंदिराराजे मांडीवर असतील तर मात्र शंका उरत नाहीं. महाराजांचा पहिला युरोपप्रवास १८८७ चा. सबब विलायतेंतील चित्रशाळेंत प्रत्यक्ष बसून घेतलेलें छायाचित्र धाकट्या बाईंचेंच. नुसत्या शिक्क्यावर मात्र भुलूं नये, कारण जुन्या चित्रांच्या प्रतीही अशा ठिकाणीं काढून मिळत.

आमच्या मतें शोध करावयाचा तो १९१४ नंतरच्या छायाचित्रांचा. त्या वर्षीं बाईंनीं पडदा सोडला. परदेशांत स्त्रिया कोणकोणते व्यवसाय करतात हें पाहून त्यांतलें आपल्याकडे काय चालेल याचा त्यांनीं ग्रंथांत विचार केला होता. १९२७ च्या जानेवारींत पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. या काळांतील एखादें विटलेलें छायाचित्र, त्यांत दागिने कमी दिसले तरी, त्यांच्या चरित्रलेखकास रविवर्म्याच्या तैलचित्राहून अधिक मोलाचें. बाजारांत किंमत उलट येते, हा भाग वेगळा.

ज्यांच्याजवळ अशा तसबिरी असतील त्यांनीं पाठीवरील जुना मजकूर खोडूं नये. त्याखालीं पेन्सिलीनें बाईंचें माहेरचें नांव, निर्णयाचें कारण व तारीख लिहावी.