बेकायदा मोटार शर्यती, शिक्षा आणि वाहनजप्ती : मोटार वाहन कायद्यातील कलम १८९ ची चिकित्सा

रस्त्यावरील बेकायदा मोटार शर्यत हा मुंबई-पुण्यासारख्या महानगरांचा प्रश्न आहे, असा समज शैक्षणिक वर्तुळातही आढळतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या चौपदरीकरणानंतर हा समज दक्षिण रायगडापुरता तरी तपासून पाहावा लागतो. महाड व पोलादपूर तालुक्यांतील महामार्ग आता वेगाला अनुकूल झाला असून कशेडीच्या वळणांना बोगद्यांचा पर्याय मिळाला आहे. आंबेनळी आणि वरंध हे घाट पावसाळ्यात दुचाकीस्वारांना खुणावतात. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि एकच प्रवासी वाचला. ती दुर्घटना शर्यतीची नव्हती, परंतु या रस्त्यांवर चुकीला किती थोडी जागा आहे हे तिने दाखवून दिले. अशा परिसरात शर्यतीविषयीचा कायदा नेमके काय करू शकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८९ मोजक्या शब्दांत आहे. राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहनांमध्ये शर्यत किंवा वेगाची चाचणी होऊ देणारा अथवा तीत भाग घेणारा शिक्षेस पात्र ठरतो. मूळ शिक्षा एक महिन्यापर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन महिने व ५,००० रुपये अशी वाढवली आणि पुन्हा गुन्हा केल्यास एक वर्ष व १०,००० रुपये अशी मर्यादा घातली. आकडे बदलले, शब्द मात्र तेच राहिले. ‘शर्यत’ म्हणजे काय, हे कायदा सांगत नाही. शिवाय ‘वाहनांमध्ये’ या शब्दामुळे किमान दोन वाहने गृहीत धरली जातात. मग घड्याळ लावून एकट्याने घाट उतरणारा तरुण कोणत्या कलमात बसवायचा? बैलगाडा शर्यतींसाठी राज्याने २०१७ मध्ये केलेल्या दुरुस्तीत शर्यतीची व्याख्या, तिची छकडी, शंकरपट ही स्थानिक नावे आणि जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, हे सर्व आले. बैलांच्या धावण्याविषयी जी शब्दकाळजी घेतली गेली, ती यंत्रांच्या धावण्याविषयी घेतली गेली नाही, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे.

याहून गंभीर दोष वाहनजप्तीच्या तरतुदीत आहे. कलम २०७ अन्वये पोलिसांना वाहन अडकवून ठेवता येते ते चालकाचा परवाना नसणे, वय कमी असणे, वाहनाची नोंदणी नसणे आणि वाहतूक परवान्याचा अभाव वा त्यातील काही अटींचा भंग या कारणांसाठी. कलम १८९ चा त्यात उल्लेखच नाही. परिणामी, कागदपत्रे पूर्ण असलेली महागडी दुचाकी शर्यतीत सापडली तरी या कलमाखाली ती ठेवून घेता येत नाही. उलट परवाना न काढलेल्या मुलाची जुनी गाडी, ती शर्यतीत नसली तरी, ठाण्याच्या आवारात जाते. वेगाच्या नावाने सुरू झालेली कारवाई अशा रीतीने कागदांवर येऊन थांबते आणि तिचा भार सहसा कोणावर पडतो, हे सांगावयास नको.

२०१९ च्या दुरुस्तीतील आणखी एक विसंगती अशी की, धोकादायक वाहनचालनाचा गुन्हा (कलम १८४) हातातील फोनचा वापर वगळता तडजोडीच्या यादीतून काढला गेला, परंतु कलम १८९ मात्र कलम २०० च्या यादीत तसेच राहिले. म्हणजे धोकादायक वाहन चालवणाऱ्याला न्यायालयाची पायरी चढावी लागते, तर शर्यत लावणारा तडजोड शुल्क भरून मोकळा होऊ शकतो. कलम २०६(४) प्रमाणे शर्यतीत चालकाचा परवाना जप्त करणे पोलिसांवर बंधनकारक केले आहे आणि पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांची अपात्रता ओढवू शकते. माझ्या मते सर्वांत परिणामकारक तरतूद हीच आहे. परंतु ती परवानाधारकालाच लागू पडते. अल्पवयीन चालकाच्या बाबतीत कलम १९९अ अन्वये पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि बारा महिन्यांसाठी नोंदणी रद्द अशी कठोर तरतूद आहे. वयाची अठरा वर्षे पूर्ण होताच हा सारा कठोरपणा एकदम ओसरतो.

व्यवहारात पोलीस भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ चा, म्हणजे बेदरकार वाहनचालनाचा आधार घेऊ शकतात आणि मुद्देमाल म्हणून वाहन ताब्यात घेऊ शकतात. परंतु सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य (२००२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाहने ठाण्यात दीर्घकाळ कुजत ठेवू नयेत, असे स्पष्ट केले आहे. महाडमध्ये हा इशारा शब्दशः घ्यावा लागतो. येथील पावसात उघड्यावरची दुचाकी एका हंगामात गंजते आणि जुलै २०२१ च्या पुरात शहर पाण्याखाली गेले होते. अडकवलेले वाहन बुडाले तर नुकसान कोणी सोसायचे?

कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २००७ मध्ये शर्यत व स्टंट यांची सविस्तर व्याख्या करून वेगमर्यादेपेक्षा ताशी ५० किलोमीटर अधिक वेगही तीत समाविष्ट केला. तेथे एकटा चालकही सुटत नाही. वाहन सात दिवस जागेवरच जप्त होई. २०२१ मध्ये ही मुदत चौदा दिवसांची झाली. मात्र ही जप्ती दोषसिद्धीपूर्वी होते आणि वाहन दुसऱ्याचे असले तरी होते. आपल्याकडे हे अनुकरण करताना तेवढ्यापुरते सावध राहिले पाहिजे. कोकणात मुंबईस्थित काका वा भावाच्या नावावरील गाडी गावातील मुलगा चालवतो, हे नित्याचे आहे. कलम २०७ मध्ये कलम १८९ चा समावेश करावयाचा झाल्यास दिवसांची कमाल मर्यादा, झाकलेली जागा आणि मालकाला सुनावणीची संधी या तीन अटी त्याच कलमात लिहाव्या लागतील. सुनावणीसाठी पोलादपूरच्या माणसाला पेणच्या परिवहन कार्यालयापर्यंत जावे लागू नये. ती महाडच्या न्यायालयातच व्हावी.