टाक्याची उलटी बाजू

खांडबाऱ्याच्या बाजारात साडीचा पदर उलटा करून पाहिला की विकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. मी तरी तो उलटा करतोच. सुलट बाजूला मोर, वेल, टिकल्या. मागे बॉबिनच्या पांढऱ्या धाग्याचं जाळं आणि टाक्यांखाली अडकून राहिलेलं कडक अस्तर. हा माल सुरतेचा. खांडबारा सुरत-भुसावळ लोहमार्गावर, आणि शेजारच्या नवापूरचं स्टेशन तर थोडं महाराष्ट्रात, थोडं गुजरातेत. सुरतेत कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं एका ओळीत एकसारखे मोर काढतात. दोन मोरांमधले लोंबते धागे कापायचं काम घरोघरच्या बायका नगावर करतात. म्हणजे या भरतकामातही बाईचा हात आहे, पण त्या हातात सुई नाही, कात्री आहे.

मग खांडबाऱ्याचं स्वतःचं भरतकाम कोणतं? पुस्तकात शोधलं तर काही सापडत नाही. नंदुरबार जिल्हा म्हटल्यावर लोकांना सातपुड्यातली होळी आठवते, भिल्ल बायकांची चांदी आठवते. या पट्ट्यात नक्षीची हौस कापडापेक्षा अंगावर जास्त फेडली गेली, दागिन्यांत आणि गोंदणात. आरशांचं भरतकाम दिसतं ते खानदेशात गुरं घेऊन येणाऱ्या काठेवाडी बायकांच्या अंगावर. ते त्यांचं, पाहुणं.

पण मावची, कोकणी, अहिराणी, कुठलीही बोली बोलणाऱ्याच्या घरात जा, उतरंडीवर किंवा पेटीवर घडी घालून ठेवलेली गोधडी असतेच. तिला कोणी कला म्हणत नाही. शिवणारी बाई तर नाहीच नाही. माझं म्हणणं असं की महाराष्ट्राचं खरं लोकभरतकाम हेच आहे. आपल्या समीक्षेला ते दिसलं नाही, कारण त्यात मोर नाही.

एक गोधडी समोर पसरून पाहू. वरचा थर निळ्या लुगड्याचा, काठ तसाच ठेवलेला. खाली दोन-तीन जुनी धोतरं किंवा चादरी. मधे शाळेच्या खाकी चड्डीचं कापड, एका शर्टाचा खिसा न उसवता तसाच बसवलेला, त्याचं बटणही जागेवर. आधी सगळे थर अंगणात अंथरून, ताणून, लांब टाक्यांनी टाचलेले. मग कडेपासून सुरुवात. एक साधा धावदोरा काठाला समांतर धावतो, कोपऱ्यावर काटकोनात वळतो आणि फेरी पूर्ण झाली की पेरभर आत सरकतो. असं करत चौकोनातून चौकोन काढत दोरा मधोमध येतो. प्रत्येक टाक्याला कापड किंचित आवळलं जातं आणि सगळ्या गोधडीवर बारीक लाटा उठतात. ही लाट हीच तिची नक्षी. दोरा लाल असेल तर निळ्यावर ती दिसते. निळाच असेल तर फक्त तळहाताला कळते. उलटी करा, मागेही तोच दोरा, तीच ओळ. लपवायला काही नाही.

उलट्या बाजूची ही कसोटी माझी नाही. धारवाड-बेळगावकडची कशिदाकारी, म्हणजे कसुती, तिच्यावरच उभी आहे. तिथं कापडावर आधी आखणी नसते, गाठ नसते. ताणा-बाणा मोजून सुई घालायची. गवंती टाका जाताना एकआड एक घर सोडतो आणि परतताना ती घरं भरतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या. मुर्गी पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, नेगी विणल्यासारखा दिसतो, मेंथी मेथीच्या दाण्यासारखा. काळ्या चंद्रकळेवर गोपूर, तुळशीवृंदावन, पाळणा, अंबारीचा हत्ती. सीमाभागातल्या मराठी घरांत अशी इरकल साडी जपून ठेवलेली असते. आता तीच चित्रं ट्रेसिंगनं छापून, क्रॉस-स्टिचनं भरून ‘कसुती’ म्हणून मिळतात. पदर उलटा करा, गाठी मोजा, किंमत तिथंच ठरवा.

बंजारा भरतकामाची गोष्ट वेगळी आणि जास्त दुखरी. यवतमाळ, वाशिम, नांदेडपासून चाळीसगावपर्यंत महाराष्ट्रात तांडे आहेत. फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी, टुकरी म्हणजे ओढणी, या पोशाखात कवड्या, नाणी, आरसे आणि तुकड्याला तुकडा जोडून केलेली रचना यांना तोड नाही. पण या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं ते कर्नाटकातल्या संडूरच्या नावानं. जुलै २०२३मध्ये हंपीला जी-२०च्या बैठकीच्या वेळी साडेचारशेहून अधिक लंबाणी, म्हणजे तिथल्या बंजारा, बायकांनी केलेल्या १७५५ वस्तू मांडून गिनीज बुकात विक्रमही नोंदवला गेला. आपल्याकडे जुना फेटिया कापतात आणि त्याचा तुकडा पर्सवर शिवतात. पर्स विकली जाते, ते बरंच. पण पूर्ण फेटिया कसा बेतायचा, आरसा कुठं आणि कवडी कुठं, हे पर्स शिवणाऱ्या मुलीला कळायची गरज उरत नाही. तुकड्यावर जगणारी कला रचना विसरते.

गोधडीची सख्खी बहीण बंगालमध्ये आहे, कांथा. तीही जुन्या साड्यांचे थर, तोच धावदोरा. ‘कंथा’ आपल्या नाथपंथी जोग्याच्या अंगावरही होतीच. पण बंगाल्यांना गुरुसदय दत्तांसारखा संग्राहक मिळाला, जसीमुद्दीननं १९२९मध्ये ‘नक्शी कांथार माठ’ हे काव्य लिहिलं आणि नक्षीकांथा भद्र लोकांच्या दिवाणखान्यात गेली. आपल्याकडे मानांकन पैठणीला, सोलापुरी चादरीला, वारली चित्रांना. गोधडीवर गीता खंडेलवाल यांनी पुस्तक केलं ते इंग्रजीत. मराठीत गोधडी आली ती आईच्या मायेचं रूपक म्हणून. त्या रूपकानं तिचं नुकसानच केलं: ऊब सगळ्यांना आठवली, टाका कोणी पाहिला नाही.

आज गोधडी मरते आहे ती हात कमी झाले म्हणून नव्हे. कापड संपलं म्हणून. गोधडीचा जीव सुती नऊवारीत होता, वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या. आता अंगावर पॉलिस्टर, तेही त्याच सुरतेचं. पॉलिस्टरचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषत नाहीत, आवळलेला टाका धरून ठेवत नाहीत. लाट उठतच नाही. मग आत फायबर भरून मशिनवर नागमोडी शिलाई मारतात. शहरातल्या दुकानांत ‘हँडमेड गोधडी’ मिळते, नव्या कापडाचे तुकडे जुन्यासारखे दिसावेत म्हणून बेतून जोडलेले. त्यातल्या काही सुंदर आहेत, मी नाकारत नाही. पण त्यांना अंगावरच्या कापडाचा इतिहास नाही. त्या गोधडीच्या आकाराच्या रजया आहेत.

शिवणारे हात मात्र अजून आहेत. उन्हाळ्यात, शेतात काम नसताना, दोघी-तिघी समोरासमोर बसून एक गोधडी ओढतात. त्यांना विचारलं की हे कोणाकडून शिकलात, तर हसतात. शिकायचं काय त्यात, असा तो चेहरा असतो. आणि तो चेहरा आपणच घडवला आहे.

तेव्हा एवढंच करा. घरातलं एखादं सुती लुगडं अजून शिल्लक असेल तर ते बोहारणीला देऊन पातेलं घेऊ नका. गावाकडच्या बाईला द्या, मजुरीत घासाघीस न करता गोधडी शिवून घ्या, आणि कोपऱ्यात दोऱ्यानंच तिचं नाव आणि साल घालायला सांगा.