तिकिटावरचा रंग

जोहान्सबर्गच्या अपार्थाइड म्युझियममधली पहिली वस्तू आपल्या हातातच पडते. ती म्हणजे प्रवेशाचं तिकीट. त्यावर 'गोरे' किंवा 'गोरेतर' असं छापलेलं असतं आणि कुणाला कोणतं मिळेल याचा आपल्या कातडीशी काहीही संबंध नसतो. जोडीनं आलेले नवरा-बायको तिकिटाप्रमाणे दोन वेगळ्या दारांनी आत जातात. वाटा लांब नाहीत, पुढे एकत्रही येतात; पण तोवर पलीकडून चालणारं आपलं माणूस जाळीआडून दिसत राहतं. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानं प्रत्येकाला वंशाच्या रकान्यात बसवलं, हे पुस्तकात वाचून आपण पान उलटतो. इथे ते कलम पायांना कळतं. आणि तिकीट असं कसंही हाती येतं, यात जन्माचीही गोष्ट आलीच. एका कागदाच्या कपट्यात केवढं हे साधलंय!

याच वाटेवर ओळखपत्रं मोठी करून लावली आहेत. एरवी खिशात मावणारा कागद इथे अंगावर येतो. त्या काळात माणसापेक्षा त्याचा कागदच मोठा होता, हे सांगायला वेगळी पाटी लागत नाही.

अंगणात लोकशाही, समता, सलोखा अशा मूल्यांचे सात काँक्रीटचे खांब आहेत. ते मला जरा मोठ्यानं बोलतात असं वाटतं.

खरी ताकद आत आहे, छताला टांगलेल्या १३१ फासांत. वर्णभेदी राजवटीनं फासावर चढवलेल्या राजकीय विरोधकांची ही संख्या. पुतळा नाही, रक्त नाही; नुसते रिकामे दोर. ते पाहायला मान मागे टाकावी लागते आणि आपला गळा आपोआप उघडा पडतो. ही उंची ज्यानं ठरवली, त्याच्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडी.

पुढे कॅस्पिर उभी आहे. काळ्यांच्या वस्त्यांमध्ये पोलीस फिरवत ती चिलखती गाडी. तिच्यात चढून बसता येतं. इतका वेळ आपण सोसणाऱ्यांच्या बाजूनं पाहत आलेलो असतो. आता बसायची जागा शिपायाची आहे. बाक साधा, भिंती जाड, आणि बाहेरची माणसं खिडकीएवढीच.